पगार कितला भेटस?

परवा अमळनेरला मावसभावाकडे गेले होते. भाची बारावी झालीय आणि बी.ए.ला समाजशास्त्र घ्यायचं म्हणून हटून बसलीय. घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चाललेली. मी चप्पल काढतेय तोच मावशी म्हणाली, "हाई देख, हिनं शिकेल शे ना ते! इचार हिले, पगार कितला भेटस?"

सांगितलं. ३४ हजार. समाजशास्त्रात एम.ए. होऊन १६ वर्षं झाली, आणि पहिला पगार ६ हजार होता. लपवण्यासारखं त्यात काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही.

पण पगार हा अर्धाच हिशोब झाला. उरलेला अर्धा कुणी विचारत नाही. माझ्या बी.ए.ची तीन वर्षांची फी, परीक्षेची धरून, म्हशीच्या किमतीच्या पाव हिश्शाएवढीही नव्हती. कॉलेज अनुदानित. जास्त पैसे गेले ते एस.टी.च्या पासावर. एम.ए. विद्यापीठात जळगावला केलं. तेव्हा ते नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, २०१८ला बहिणाबाईंचं नाव लागलं. (शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला, हे मला फार आवडतं.) या सगळ्यात एक रुपया कर्ज झालं नाही.

कर्ज झालं ते नंतर. पदवीला 'कामाला लावायच्या' नादात. सगळे म्हणाले बी.एड. कर, केलं. त्यासाठी आईची सोन्याची पोत पतपेढीत गहाण गेली. बी.एड. झाल्यावर कळलं की शाळेत दहावीपर्यंत समाजशास्त्र नावाचा विषयच नाही. अकरावी-बारावीला आहे, पण तिथं जागा किती? एका संस्थेत एक जागा होती. देणगीचा आकडा ऐकून वडील चहा न पिताच उठून आले. मग सीनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर दोन वर्षं शिकवलं. तासाचे पैसे वर्ष संपल्यावर, तेही कुणी पाठपुरावा केला तर. माझ्या वर्गातली तीन पोरं तोवर पुण्याला गेली होती. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक, ५०० गुण, 'स्कोरिंग' विषय, असं कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. क्लास, कॉट बेसिस, मेस, अभ्यासिका. सहा-सहा वर्षं. त्यातल्या एकाच्या बापानं दोन बिघे शेत विकलं. म्हणायला मात्र गावात आजही म्हणतात, "समाजशास्त्र घेतलं म्हणून वाया गेला."

मावशीच्याच घरातला, तिचा धाकटा मुलगा इंजिनीअर आहे. बँकेनं ४ लाख दिले. तेव्हा तेवढ्यापर्यंत तारण लागत नव्हतं, म्हणून आकडा बरोबर चारावरच थांबला. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता नाही हे सगळ्यांना माहीत होतं. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं हे कुणी धड ऐकलं नव्हतं. हप्ता सुरू झाला तेव्हा रक्कम साडेपाच लाखांच्या घरात, महिन्याला ९ हजारांच्या वर. आणि चाकणला कंत्राटावर पगार १४ हजार. आज तो चांगला कमावतो, माझ्या दुप्पट. पण ती पहिली चार वर्षं कशी गेली ते त्याला आणि मावशीला माहीत.

मी सर्वेक्षणाचं काम करते. पारोळा तालुक्यात एकदा फॉर्ममध्ये प्रश्न होता: मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घेतलंय का? एका गल्लीत अकरा घरं, अकरा वेळा 'नाही'. सोबतची नवी पोरगी भराभर टिक करत चालली होती. मी परत पहिल्या घरी गेले. ओट्यावर बसले, बाई कापसाची सरकी वेचत होती. म्हटलं, "काकू, पोराची फी कधी भरली?" "श्रावणात." "तेव्हा तर कापूस घरात नसतो." बाई हसली. पोत गहाण, थोडे व्यापाऱ्याकडून कापसावर उचल, थोडे भावाचे. तिच्या लेखी कर्ज म्हणजे बँकेचं. अकरापैकी सात घरांत तेच निघालं. हे विचारायला मला समाजशास्त्रानं शिकवलं, आणि त्याचेच ३४ हजार मिळतात.

तेव्हा भाचीला जे सांगितलं ते असं. घे, पण त्यासाठी कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून हा विषय आहे, तरी लोक अजून त्याला समाजसेवाच समजतात. नोकरीच्या जाहिरातीतही एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी मागतात, एम.ए.वाल्यानं तिथं आपलं म्हणणं पटवून द्यावं लागतं. एक्सेल आतापासून शीक. संख्याशास्त्राला घाबरू नको. आणि जमलं तर पावरी, नंदुरबारकडच्या आदिवासींची भाषा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या कामाला पावरी बोलणारी बारावी पास पोरगी माझ्यापेक्षा जास्त उपयोगाची, हे मी स्वतः बघितलंय. लगेच पैसा पाहिजे असेल तर सरळ नर्सिंगला जा, मी वाईट वाटून घेणार नाही.

मावशी ऐकत होती. "आन् तुन्हा आंगवर कर्ज?" म्हटलं काही नाही, आईची पोत सोडवून दहा वर्षं झाली. ती गप्प बसली. तिच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. मी विचारलं नाही.

आता प्रवेशाची यादी लागायची आहे. अनुदानित तुकडीत नाव आलं तर ठीक. विनाअनुदानितमध्ये आलं तर पारोळ्याला बघू, एस.टी. सकाळची आहेच.