‘अंधाराचं कौतुक’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लाईट गेल्यावर वेळ कसा काढायचा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "अंधाराचं कौतुक इन्व्हर्टरवाल्यांना. आमच्याकडे बारा-बारा तास लाईट नसायची, बाप रात्री पाणी द्यायला मळ्यात जायचा. तिथं भेंड्या कोण खेळणार? आणि आता मोबाईल आल्यावर हे सगळं हवंय कुणाला?" मुद्दे दोन आहेत आणि दोन ओळींत आटोपण्यासारखे नाहीत, म्हणून जरा लांब लिहितो.

भारनियमन सगळ्यांना सारखं नव्हतं, यात वादच नाही. 2005 साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, तेव्हा टंचाई ऐन भरात होती. दाभोळचा वीजप्रकल्प 2001 पासून बंद पडलेला. पुढे फीडरवार, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीनुसार, गट पडले: जिथं गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं लाईट जास्त वेळ बंद. म्हणजे तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे शेजारी आणि वेळेवर बिल भरणारे तुम्ही, दोघं एकाच अंधारात. 2006 मध्ये पुण्यातल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराचं भारनियमन टाळलं. वाडीवस्तीवर कुणाचा कारखाना होता? तुमचा राग रास्तच आहे.

पण त्यावरून अंधाराचं कौतुक फक्त इन्व्हर्टरवाल्यांना, हे पटत नाही. इन्व्हर्टरवाल्याला वेळ काढायचा प्रश्न पडतोच कुठे? त्याचा पंखा फिरतोय, टीव्ही चालू आहे. ज्यांना बसून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्यांनीच वेळ काढायच्या युक्त्या कमावल्या. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लावून लाईटची वाट बघत बसलेल्या बायका आठवा. अख्ख्या गावाच्या सोयरिकी तिथं जुळायच्या आणि मोडायच्याही.

तुमच्या वडिलांचंच घ्या. शेतीपंपाला पाळीपाळीनं दिवसा 8 तास, नाहीतर रात्री 10 तास वीज मिळायची. (दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तीही 2017 मध्ये.) ऑटो स्विच बसवला तर मोटार आपली आपण चालू होते, पण दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, माणूस लागतोच. सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून दारं बांधायचं, पुढचं फोडायचं आणि ती सरी भरेपर्यंत बांधावर बसायचं. तेवढा वेळ रिकामा, आणि नेमका तेवढ्यातच डोळा लागतो. लागला की पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या वावरात, आणि सकाळी भांडण. म्हणून कमरेला रेडिओ. म्हणून एखादा अभंग किंवा गवळण खड्या आवाजात. पलीकडच्या मळ्यातल्याला हाळी घालून गप्पा, त्याचा आवाज थांबला की "झोपलास का रं?" रानडुकरं बिचकतात, हा वरचा फायदा. याला करमणूक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी म्हणेन. जागं राहायला काहीतरी लागतंच, आणि ते माणसानं शोधून काढलं.

घरातही तेच. संध्याकाळी गावाला सिंगल फेज ठेवायचे, म्हणजे मोटारी चालू नयेत आणि घरात दिवा लागावा. मग कुणीतरी कंडेन्सर लावून मोटार ओढणारच, आणि गावातले बल्ब तांबड्या तारेवर. त्या उजेडात काय खेळता येतं हे ज्यानं त्यानं अनुभवानं ठरवलं. सागरगोटे बाद, उडवलेला गोटा दिसतच नाही. फोडलेले चिंचोके मात्र चालतात, पांढरी बाजू कंदिलाच्या उजेडातही ओळखू येते. मेंढीकोट खेळायचा तर बदाम आणि चौकट सारखेच दिसतात, म्हणून पान टाकताना नाव ओरडून सांगायचं. "चौकट दश्शी!" आणि खोटं नाव सांगून दश्शी पळवणारा एक भिडू प्रत्येक डावात असायचाच. भिंतीवर हातांच्या सावल्या करायच्या तर मेणबत्तीच हवी. तिची ज्योत लहान, म्हणून हरणाची शिंगं रेखीव उमटतात. इमर्जन्सी लॅम्पच्या लांब ट्यूबसमोर त्याच हरणाचं गाठोडं होतं. हे तपशील मी हौसेनं लिहितो, कबूल. पण ते ज्यांच्याकडून आले त्यांच्या घरात इन्व्हर्टर नव्हता.

आता मोबाईल. तासभर लाईट गेली तर मोबाईल पुरतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाईलच्या टॉवरलाही वीजच लागते. त्याच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या की तुमच्या हातात चार्ज केलेला फोन असून उपयोग नाही, आणि पॉवर बँकनं फोन भरला तरी समोर रेंज नाही. पत्त्यांचा कॅट ही स्वस्तातली वस्तू असते, घरात एक असू द्या.

तुम्ही शेवटी सुचवलंत की लेखातला सावल्यांचा भाग काढून तिथं महावितरणचा तक्रार क्रमांक टाकावा. क्रमांक टाकतो. सावल्या काढणार नाही. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मळ्यात जागं राहायला तुमचे वडील काय काय करायचे, हे त्यांना विचारून कळवलंत तर लेखात त्याची भर घालायला मला आवडेल. फक्त रेडिओ लावायचे एवढंच नको. कुठलं स्टेशन लागायचं, आणि ते बंद झाल्यावर पहाटेपर्यंत काय, तेही विचारा.