‘दोन्ही पासपोर्ट ठेवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी रात्री डिचोलीहून ताईचा फोन आला. भाचा पुढच्या महिन्यात पोर्तुगालला निघालाय आणि त्याला कुणीतरी व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवलाय: ‘पोर्तुगीज पासपोर्टवर जाणाऱ्या गोंयकारांनी करायच्या गोष्टी’. ताई म्हणाली, “भारतीय पासपोर्ट परत करू नका म्हणून लिहिलंय. तू बँकेत होतीस, वाचून सांग.” वाचला आणि झोप उडाली. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज आमच्या फोंड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर, म्हणून इथे लिहिते.

पहिलाच मुद्दा सगळ्यांत घातक. ‘लिस्बनला फक्त जन्म नोंदवलेला असतो, नागरिकत्व बदलत नाही. मोप्याच्या विमानतळावर भारतीय पासपोर्ट दाखवा, तिकडे उतरल्यावर पोर्तुगीज.’ (पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोंयकारांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, त्याबद्दल हे आहे.)

नुसत्या जन्मनोंदणीने नागरिकत्व जातं की नाही, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, एवढं मान्य करते. पण हा मेसेज नोंदणीवाल्यांसाठी नाही, हातात पासपोर्ट असलेल्यांसाठी आहे. त्यांच्या बाबतीत वादाला जागाच नाही. नागरिकत्व कायदा 1955, कलम 9: भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. घेतलं की नाही हे कसं ठरवायचं, ते 2009 च्या नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. दुसऱ्या सरकारकडून पासपोर्ट मिळवणं हाच निर्णायक पुरावा. आधीच्या नियमांतही हेच होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते 1962 साली वैध ठरवलं. निर्णायक म्हणजे त्यावर ‘मला वाटलं फक्त नोंदणी आहे’ हे ऐकून घेतलं जात नाही.

आता मोप्यावरची युक्ती. भारतीय पासपोर्ट पुढे केला की इमिग्रेशनचा माणूस पहिलं काय विचारणार? पोर्तुगालचा व्हिसा कुठे आहे? तो नसतोच. मग खिशातून दुसरा पासपोर्ट काढायचा, म्हणजे आपल्याच हाताने पुरावा द्यायचा. नागरिकत्व गेल्यावर भारतीय पासपोर्ट जवळ ठेवणं आणि वापरणं हा पासपोर्ट कायदा 1967 खाली गुन्हा आहे. त्यावर मधल्या काळात प्रवास केला असेल तर दंड वाढतो. पंचविशीतल्या मुलाला हे शिकवणाऱ्याला काही वाटत कसं नाही?

खरा क्रम असा: पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट पणजीच्या पासपोर्ट ऑफिसात जमा करायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. त्यानंतर तुम्ही इथे परदेशी नागरिक, म्हणून देशाबाहेर पडायला एक्झिट परमिट लागतं. ते सर्टिफिकेट सांभाळून ठेवा, पुढे ओसीआय कार्डाच्या, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डाच्या, अर्जाला लागतं. मतदारयादीतलं नावही काढायचं, त्याला फॉर्म 7 आहे. ‘मतदान कार्ड राहू द्या, उपयोगी पडतं’ हा मेसेजमधला सल्लाही त्याच जातीचा.

‘पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन लगेच कामाला लागता येतं.’ येत नाही. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्याने ती मोकळीक 31 डिसेंबर 2020 ला संपली. तिथे आधीपासून राहणाऱ्यांना पुढेही राहण्यासाठी अर्ज करायला 30 जून 2021 पर्यंत मुदत होती. आज नव्याने जाणाऱ्याला कामाचा व्हिसा लागतो. पोर्तुगालमध्ये आणि युरोपियन युनियनच्या इतर देशांत काम करता येतं, ते वेगळं.

‘तिकडे पोचल्यावर टॅक्स नंबरसाठी एजंटला 300 युरो द्या.’ एक पैसाही देऊ नका. पोर्तुगीज नागरिकाच्या ओळखपत्रावरच मागच्या बाजूला कर, सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य या तिन्ही क्रमांकांची जागा असते. भाच्याच्या कार्डावर कर क्रमांक छापलेला आहे. नसेल त्याला तो तिथल्या ‘फिनान्सास’च्या म्हणजे कर खात्याच्या कचेरीत फुकट मिळतो.

‘बँकेला कळवू नका.’ मी तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. कायमचं बाहेर राहायला गेलात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावंच लागतं. एक फॉर्म आणि थोडी कागदपत्रं, एवढंच काम. लपवलेलं खातं पुढे अडकतं आणि मग म्हातारी आई बँकेत खेपा घालत बसते.

शेवटचा मुद्दा ताईला सगळ्यांत जास्त लागला. ‘जायच्या आधी जमीन भावाच्या नावावर करा, नाहीतर सरकार घेतं.’ यात अर्धं खरं आहे. ओसीआय कार्ड असलेल्याला शेतजमीन, कुळागर (सुपारीची बाग), फार्महाऊस नव्याने विकत घेता येत नाही. पण इथे राहत असताना मालकीचं झालेलं घर-भाट (भाट म्हणजे माडांची बाग) ठेवता येतं, वारसाने मिळणारंही घेता येतं. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्याच्या कलम 6(5) मध्ये हे स्पष्ट आहे. भावोजी गेल्यापासून त्यांचं भाट दोन्ही मुलांच्या नावावर आहे, आणि या एका ओळीपायी ताईने धाकट्याचा, म्हणजे या भाच्याचा, हक्क सोडायचं ठरवलं होतं. मंगळवारी सब-रजिस्ट्रारकडे जायचं होतं. मी कलम वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचायला लावलं, मग वकिलाला फोन करून मंगळवारचं रद्द केलं. भाचा त्या दिवशी पणजीला जाणार आहे, पासपोर्ट जमा करायला.