दोन दिवस आधी लोन उचललं त्याची किंमत

पोस्ट मोठी आहे, पण ज्यांनी अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट बुक केलाय किंवा करायचा विचार चाललाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ना बिल्डरने, ना बँकेच्या माणसाने, ना ऑफिसात दर जानेवारीत टॅक्स सेव्हिंगच्या गप्पा मारणाऱ्यांनी.

२०१६ चा मार्च. हिंजवडीच्या पुढे मारुंजीला टू बीएचके बघितला, ५२ लाख. ८ एप्रिलला पाडवा होता, सासूबाईंच्या मनात होतं की पाडव्याच्या मुहूर्तावर पैसे भरावेत. पण सेल्सचा मुलगा पाठच सोडेना, मॅडम ३१ मार्चच्या आत ॲग्रीमेंट करून टाका, १ एप्रिलपासून रेडी रेकनर वाढतोय, उगाच स्टँप ड्युटी जास्त बसेल. तो खोटं बोलत नव्हता, रेडी रेकनरचे, म्हणजे स्टँप ड्युटीसाठी सरकार ठरवतं त्या जागेच्या किमतीचे, नवे दर आधी १ जानेवारीला लागायचे ते त्या वर्षीपासून १ एप्रिलला लागायला लागले. आम्ही घाई केली, रजिस्ट्रेशन झालं, आणि माझ्या नावावरच्या होम लोनचा पहिला हप्ता बँकेने ३० मार्चला बिल्डरला दिला. ॲग्रीमेंटमध्ये ताबा डिसेंबर २०१८.

ताबा मिळाला ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधली जवळजवळ ३ वर्षं काय काय झालं ते सांगत बसत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहिती आहे. भाडं चालू, प्री-ईएमआय म्हणजे ताब्याआधीचं लोनचं व्याज चालू, मुलाची शाळा दोनदा बदलली. मला आज फक्त टॅक्सबद्दल बोलायचंय, कारण भाडं आणि व्याज तरी डोळ्यांसमोर जातं, हे मात्र ताबा मिळून किल्ली हातात आल्यावर, आता सगळं संपलं असं वाटत असताना कळलं.

जानेवारी २०२२ मध्ये ऑफिसच्या पोर्टलवर प्रूफ अपलोड करत होते. होम लोनच्या व्याजाचे २ लाख टाकले, तर खाली विचारलं कर्ज कधी घेतलं आणि बांधकाम कधी पूर्ण झालं. दोन्ही तारखा भरल्या तर २ लाखाचे आपोआप ३० हजार झाले. मला वाटलं सिस्टीमचा घोळ आहे. शनिवारी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट आणि ओसीची, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याच्या दाखल्याची, झेरॉक्स घेऊन आमच्या सीएंकडे गेले. त्यांनी पेन्सिलने दोन तारखांना गोल केला, ३० मार्च २०१६ आणि ऑक्टोबर २०२१, मधे एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं ३१ मार्च २०२१. म्हणाले, ताई ही तुमची डेडलाईन होती.

नियम असा. राहत्या घराच्या लोनवर वर्षाला २ लाखापर्यंतचं व्याज इन्कम टॅक्सच्या कलम २४ मध्ये उत्पन्नातून वजा मिळतं, पण ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण झालं पाहिजे. आधी ही मुदत ३ वर्षांची होती, तेव्हाचे अर्थमंत्री जेटलींनी २०१६ च्याच बजेटमध्ये ५ केली. नाही झालं पूर्ण, तर मर्यादा ३० हजार. आणि ते एका वर्षापुरतं नाही, जोपर्यंत तुम्ही त्या घरात राहताय आणि ते लोन चालू आहे तोपर्यंत ३० हजारच.

माझं लोन ३० मार्चला, म्हणजे २०१५-१६ मध्ये सुरू झालं म्हणून मुदत ३१ मार्च २०२१ ला संपली. तेच १ एप्रिलला सुरू झालं असतं तर आर्थिक वर्ष बदललं असतं, मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंत गेली असती आणि ऑक्टोबर २०२१ ची ओसी आरामात बसली असती. दोन दिवस. सासूबाईंचं ऐकून पाडव्यापर्यंत थांबले असते तरी चाललं असतं.

हिशोब सांगते. त्या वर्षी व्याज गेलं पावणेतीन लाखाच्या वर. वजावट २ लाखाच्या जागी ३० हजार, म्हणजे १ लाख ७० हजार जास्तीचं उत्पन्न धरलं गेलं. मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून २०.८ टक्के, म्हणजे वर्षाला ३५ हजार ३६० रुपये. जुन्या टॅक्स रिजीममध्ये, जिथे ही वजावट मिळते, ३ वर्षं काढली, लाखाच्या वर गेले. सीए म्हणाले की नंतर उचललेले हप्ते पुढच्या वर्षांतलं कर्ज आहे असा मुद्दा मांडता येईल, पण स्पष्ट लिहिलेलं नाही, नोटीस आली तर वर्षाला ३५ हजारांसाठी तुम्ही किती भांडणार. नाही भांडले. घर भाड्याने दिलं असतं तर ही ३० हजारांची अट लागली नसती हेही त्यांनी सांगितलं, पण इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात भाडं भरून आपल्या घराची वाट बघितल्यावर ते कोण भाड्याने देणार?

आणि बांधकाम चालू असतानाचं व्याज, ते प्री-ईएमआय? ते त्या त्या वर्षी वजा मिळतच नाही. घर पूर्ण झालं की मागचं सगळं एकत्र करून ५ समान भागांत ५ वर्षं घ्यायचं, तेही त्याच मर्यादेच्या आत. म्हणजे चालू व्याजाने २ लाख भरले तर मागच्याला जागा नाही, आणि मर्यादा ३० हजार असेल तर विषयच संपला. बिल्डर जितका लांबवतो तितकं हे मागचं व्याज वाढत जातं. मुद्दलाचंही तसंच, ८०सी मध्ये ते घर पूर्ण झाल्यावरच धरता येतं, आणि ताबा मिळालेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर विकलं तर आधी घेतलेली वजावट परत उत्पन्नात धरतात. घड्याळ ताब्यापासून सुरू होतं. मैत्रिणीची बदली बंगलोरला झाली, बुक करून ८ वर्षं झालेला फ्लॅट विकायला काढला तेव्हा तिला हे कळलं.

जीएसटीचं वेगळंच. आम्ही बुक केलं तेव्हा व्हॅट १ टक्का, तो ॲग्रीमेंटलाच पूर्ण रकमेवर घेतला, आणि सर्व्हिस टॅक्स हप्त्याहप्त्याला, तो २०१७ मध्ये साडेचार टक्के होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जमिनीचा एक तृतीयांश भाग वगळून १२ टक्के. ॲग्रीमेंटमधल्या शेड्यूलप्रमाणे तोपर्यंत माझ्याकडून ६० टक्के रक्कम घेऊन झालेली असायला हवी होती. प्रत्यक्षात प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, वर काही नव्हतं, २५ टक्केच मागितले होते. राहिलेले ३५ टक्के म्हणजे १८ लाख २० हजार, ते साडेचारऐवजी १२ ने गेले. फरक १ लाख ३६ हजार ५००. आमच्या पाच-सहा जणांच्या ग्रुपने बिल्डरला लिहिलं, की तुम्हाला आता इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतंय, जीएसटी कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे त्याचा फायदा आम्हाला द्या, तर दोन ओळींचं उत्तर आलं की किंमत ठरवतानाच तो विचारात घेतलाय. २०१६ मध्ये! जीएसटी यायच्या सव्वा वर्ष आधी! मग १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्क्यांचा नवीन रेट आला, पण चालू प्रोजेक्टसाठी जुना ठेवायचा की नवीन घ्यायचा हे बिल्डरने ठरवायचं होतं, आमच्या बिल्डरने जुना ठेवला. पैसे भरणार आम्ही आणि निवडणार तो. आमच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ओसी आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये फ्लॅट घेतला, त्यांना जीएसटी शून्य, कारण ओसीनंतर पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या घराला तो लागतच नाही. त्यांचा काही दोष नाही, चांगली माणसं आहेत. पण साडेपाच वर्षं आधी पैसे गुंतवून रिस्क आम्ही घेतली.

आता ज्या गोष्टीने मला खरंच राग येतो ती. कोविडमध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, १५ मार्च २०२० नंतर मुदत संपणाऱ्या प्रोजेक्टना ६ महिने वाढवून दिले. आमच्या बिल्डरने रेरात रजिस्टर करताना तारीख आधीच डिसेंबर २०२० करून घेतली होती, ती जून २०२१ झाली. मला ते मान्य आहे. साइटवरचे मजूर चालत गावी गेले होते, काम होणार कसं, हे मी स्वतः बघितलंय. इन्कम टॅक्समध्येही जुनं घर विकून नवीन घेणाऱ्यांना, म्हणजे कलम ५४ वाल्यांना, केंद्राने मुदत वाढवून दिली. पण होम लोनवाल्यांची ५ वर्षं? तीच राहिली. बिल्डरला कळलं की काम थांबलंय, सरकारला कळलं, बँकेने मोरॅटोरियम दिला, म्हणजे हप्ते पुढे ढकलू दिले, फक्त कलम २४ ला लॉकडाऊन लागला नाही. घर मी बांधत नव्हते हो. बांधकामाच्या वेगावर माझा काडीचा ताबा नाही, आणि मुदत चुकल्याचा दंड माझ्या पगारातून.

कुणी म्हणेल रेरात का नाही गेलात. कलम १८ मध्ये उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं, आपल्याकडे स्टेट बँकेच्या एमसीएलआरच्या, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दराच्या, वर २ टक्के. आणि बॉम्बे हायकोर्टाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय की उशीर ॲग्रीमेंटमधल्या तारखेपासून मोजायचा, बिल्डरने रेरात नंतर टाकलेल्या तारखेपासून नाही. हे मला आज पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हतं. किल्ली घ्यायला गेलो तेव्हा टेबलावर ताबा पत्र, त्यात सातव्या नंबरला लिहिलेलं की उशिराबद्दल माझी काही तक्रार नाही. नवरा म्हणाला थांब, वाचू दे. मी म्हणलं, कर सही, घरी जाऊया. मुलगा लिफ्टची बटणं दाबत होता. आम्ही सही केली.

माझं झालं ते झालं. हे सगळं आज लिहायचं कारण माझे काका.

काकांनी जून २०२२ मध्ये साताऱ्याचं घर विकलं, आमच्या जवळ राहता यावं म्हणून. नफा ३१ लाख. पुण्यात बुकिंग केलं, रिटर्नच्या मुदतीपर्यंत बिल्डरला १९ लाख दिले आणि उरलेले १२ नियमाप्रमाणे कॅपिटल गेन अकाउंटमध्ये, म्हणजे नव्या घरासाठी नफा राखून ठेवायच्या बँकेतल्या खात्यात, टाकले. सगळं वेळेवर, सगळं कायद्याने. पुढे बिल्डरने एका स्लॅबचे ३ लाख घेतले आणि काम थांबलं. स्लॅब पडत नाही तर डिमांड, म्हणजे बिल्डरची पुढच्या हप्त्याची मागणी, येत नाही, डिमांड येत नाही तर त्या खात्यातले ९ लाख निघत नाहीत, कारण तिथले पैसे काढले की ६० दिवसांत घरासाठीच वापरावे लागतात. जून २०२५ ला कलम ५४ मधली, नफा नवीन घरात घालायची ३ वर्षं संपली. खात्यात पडून राहिलेल्या त्या ९ लाखांवर आता कॅपिटल गेन टॅक्स, यंदाच्या रिटर्नमध्ये. खातं बंद करून पैसे काढायचे तरी इन्कम टॅक्स ऑफिसरची मंजुरी लागते.

मुदत संपायच्या महिनाभर आधी बिल्डरच्या ऑफिसातून काकांना फोन आला होता, की उरलेले पैसे आत्ताच भरून टाका, पावती देतो, टॅक्स वाचेल. आणि ते पूर्ण खोटं नाही. पैसे बिल्डरला गेलेले असतील तर ताबा लांबला तरी सूट नाकारू नये असे हायकोर्टांचे निकाल आहेत, कर्नाटकचा आहे, आपल्या बॉम्बेचाही आहे. म्हणजे कायदा ७१ वर्षांच्या माणसाला सांगतो की जो माणूस काम करत नाही त्याच्या हातात आयुष्याची उरलेली रक्कम ठेव, तर तू सुटशील, आणि शहाणपणाने बँकेत ठेवलीस तर टॅक्स भर.

आम्ही दोघं साइटवर गेलो. सातव्या स्लॅबच्या वर सळया उघड्या, गंजून तांबूस झालेल्या, खाली वॉचमनच्या बायकोने त्याच सळयांचे तुकडे रोवून दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. काका बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, नाही देत, टॅक्स भरेन पण याला नाही देत.

मला त्यांचं पटलं. पण त्यांना हे निवडायला लागायला नको होतं. रेराकडे प्रत्येक प्रोजेक्टची तारीख आहे, मुदतवाढ आहे, दर तीन महिन्यांनी बिल्डर किती काम झालं ते तिथे भरतो. उशीर खरेदीदारामुळे झाला की बिल्डरमुळे हे शोधायला टॅक्स खात्याला कुठे जायची पण गरज नाही. जिथे बिल्डरमुळे झालाय हे तिथे दिसतंय तिथे २४ ची ५ वर्षं आणि ५४ ची ३ वर्षं आपोआप वाढली पाहिजेत, एवढंच मागणं आहे, आणि मी आमच्या खासदारांना हेच लिहून दिलंय, दोन पानी पत्र, काकांच्या पासबुकाची झेरॉक्स जोडून. काही जण म्हणतील आता नवीन रिजीम आलाय, त्यात राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही, मग कशाला बोलायचं. कॅपिटल गेन नवीन रिजीममध्येही तसाच आहे ना. आणि जुन्यात राहिलेले, २०१९-२०२० ला लोन घेऊन अजून ताब्याची वाट बघणारे आहेतच, त्यांनी आज आपल्या पहिल्या डिसबर्समेंटची, म्हणजे बँकेने लोनचा पहिला हप्ता दिल्याची, तारीख काढून बघा.

बुक करणार असाल आणि मार्च चालू असेल तर स्टँप ड्युटीचा फरक किती पडतो ते आधी खरंच मोजा, आणि ॲग्रीमेंट मार्चमध्ये झालं तरी लोनचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये उचलता येतो का ते बँकेला विचारा. ताबा पत्रावरची प्रत्येक ओळ वाचा, कितीही दमला असाल तरी. जुनं घर विकून नवीन घेणार असाल तर शक्यतो ओसी आलेलं घ्या, थोडं लहान चालेल, थोडं लांब चालेल.

काकांचा मंजुरीचा फॉर्म सोमवारी द्यायचाय. मी अर्धा दिवस सुट्टी टाकलीये, त्यांच्याबरोबर जाणार आहे.