पालकांच्या प्रशिक्षणाबद्दल फिरणाऱ्या मेसेजविषयी खुलासा

‘आईवडिलांनी प्रशिक्षण घेतलं की सहा महिन्यांत ऑटिझम पूर्ण बरा होतो, थेरपी बंद करा’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

गोवा आणि रावळपिंडीतल्या ऑटिझम असलेल्या ६५ मुलांवरचा अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात प्रशिक्षित कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढून पालकांबरोबर पाहत. मूल काय सांगू बघतंय, हे त्यातून उमगे. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. हे फार मोलाचं आहे, पण ते ‘बरं होणं’ नव्हे. उलट अशा दाव्यामुळे ‘तूच नीट शिकवलं नाहीस’ हा ठपका आधीच थकलेल्या आईवर येतो.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. तज्ज्ञांना विचारल्याशिवाय थेरपी थांबवू नका.