पायऱ्या कोणी मोजल्या?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चुलतभावाने एक फोटो टाकला. निळंशार तळं, काठाला हिरवळ, होडीत दोन पोरं. खाली ओळ: "कॅनडातली खडीची जुनी खाण. बघा, ह्याला विकास म्हणतात. आपल्याकडं क्रशर आला की लगेच विहिरी आटल्याची बोंब." त्यावर सतरा अंगठे. त्यातले चार अशांचे, ज्यांच्या विहिरी खरंच आटल्यात.

गाव खटाव तालुक्यातलं. माळावर क्रशर आहे आणि त्याच्यामागे डोंगराचा लचका तोडलेला. मी राहतो कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या बॅरी शहराच्या उत्तरेला. इथे माझ्या घराला टाउनशिपचं पाणी नाही, बोअरचंच आहे, आणि दोन कन्सेशन, म्हणजे शेतांमधले समांतर रस्ते, ओलांडले की पलीकडे खडीची खाण आहे. म्हणजे या विषयात मला थोडं कळतं, असं म्हणायला हरकत नाही. निदान ग्रुपवरच्या सतरा जणांपेक्षा जास्त.

अरे बाबा, ते तळं म्हणजे विकास नव्हे, ते उघडं पडलेलं भूजल आहे. इथली खडी हिमनद्यांनी आणून टाकलेली. गोट्यागोट्यांच्या फटींतून पाणी सावकाश गाळत खाली जातं. तुम्ही खडी उचलता तेव्हा गाळणीच उचलता. मग डिझेल सांडलं काय किंवा शेतातलं खत वाहून आलं काय, पाण्यात पडायला अडसर उरत नाही. म्हणून ऑन्टारिओत पाण्याच्या वरच थांबणाऱ्या खाणीला भूजलपातळीच्या वर दीड मीटर थर सोडावा लागतो. त्याखाली जायचं तर परवान्याची वाट वेगळी, अभ्यास वेगळा. खडी धुवायला दिवसाला ५०,००० लिटरपेक्षा जास्त पाणी उपसायचं, तर त्याचाही परवाना वेगळा. आणि मुख्य म्हणजे बोअर मारून, नळ्या पुरून पाणी कुठे आहे ते आधी मोजायचं. खणल्यावर मोजलं तर कशाशी ताडून बघणार?

आमच्या माळावर हे कुणी केलं? भाऊ म्हणतो, "भूजलवाले येतात की, वर्षातनं चारदा मोजत्यात." मोजतात, खरं आहे. पण ती निरीक्षण विहीर ओढ्याच्या पलीकडे, पार दुसऱ्या अंगाला. त्यावरून तालुक्याचा अंदाज बांधता येतो, क्रशरचा न्याय करता येत नाही. महाराष्ट्रात भूजलाचा २००९ चा कायदा आहे, तो वाचायला छान आहे. पण आमच्याकडची खाण म्हणजे तलाठी, रॉयल्टीच्या पावत्या आणि किती ब्रास गेला याचा हिशेब. पाणी किती गेलं याचा रकाना त्या कागदावर नाही. त्यात आपला काळा दगड. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत काय ते पाणी. मुरूम खरवडायचा, मग सुरुंग लावायचे, आणि भेगा कुठे उघडल्या, कुठे बुजल्या ते कुणाच्या बापाला कळत नाही.

इतकं लिहिलं आणि भावाचा एकच मेसेज आला: "तिकडं सगळं रामराज्य, व्हय?"

झोंबलं, कारण नाहीये. २००० सालच्या मे महिन्यात इथल्याच वॉकर्टन गावात पाऊस पडला, शेणखतातले जंतू उथळ विहिरीत उतरले, सात माणसं गेली आणि दोन हजारांवर आजारी पडली. पुढे चौकशीत निघालं की क्लोरीनच्या नोंदवहीत आकडे न मोजताच लिहिले जात होते. इंग्रजीत, नीट अक्षरात, खोटे. खाणींचंही तसंच: नियम पाळल्याचा वार्षिक अहवाल खाणवालाच भरतो. तपासणी तोकडी पडते असे ताशेरे प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये ओढलेत. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. कशाला टाकू?

त्याऐवजी एल्मवेल गावच्या झऱ्याचा फोटो टाकला. रविवारी आम्ही तिथे कॅन भरतो, फुकट. प्राध्यापक विल्यम शॉटिक यांनी त्या भागातलं पाणी तपासलं, तर शिसं आर्क्टिकच्या हजारो वर्षं जुन्या बर्फापेक्षाही कमी. तिथे जवळच कचरा डेपो होणार होता, साइट ४१. इथल्या मूळनिवासी अनिशिनाबे बायका २००९ मध्ये ठिय्या देऊन बसल्या, शेतकरी सोबत आले, आणि काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, काम थांबवलं. आता त्याच पाण्याच्या वरच्या अंगाच्या खडीवरून भांडण आहे. मी एका सभेला गेलो होतो. मागच्या रांगेत, हातात डबल डबल कॉफी, बोललो नाही. ज्यांचं पाणी, त्यांनी बोलावं, असं वाटलं. पाणी माझ्याही नळाला येतं, हे घरी आल्यावर सुचलं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. क्रशरचा माळ सगळा भावकीचा होता, त्यात माझाही तुकडा होता. २०१६ साली मी टोरंटोच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन कुलमुखत्यारपत्रावर सही केली, पार्किंगला बावीस डॉलर गेले म्हणून चिडचिड केली आणि घरी आलो. त्या पैशांत बेसमेंट पूर्ण झालं. खाली काय खणणार, किती खोल, पाण्याची नोंद कोण ठेवणार, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. भावाने हे ग्रुपवर कधी काढलं नाही. त्याचा तो मोठेपणा मला त्याच्या फोटोपेक्षा जास्त खुपतो.

शनिवारी काकींना फोन केला. माळाच्या खालच्या अंगाला आमची पायऱ्यांची विहीर आहे.

"काकी, उन्हाळ्यात विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडायच्या?"

"कुठल्या साली?"

मी हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल उलटं केलं आणि पेन घेतलं. बहात्तरला सगळ्या, तळाचा दगडसुद्धा. तू दहावीला होतास तेव्हा अकरा. धाकटीच्या लग्नाला नऊ, कारण त्या साली वळीव चांगला झाला. तू गेलास त्या वर्षी बारा. काकी शाळेत गेल्या नाहीत. बिलाची मागची बाजू भरत आली.

"आणि क्रशर आल्यावर?"

"त्याच्यानंतरचं नाय सांगता येत. वाटच मोडली की."

"कुठली वाट?"

"विहिरीवर जायची. तुझ्याच तुकड्यातनं जात होती ना."