पाइप रॅकवरची पांढरी भुकटी, न बसणारे नट आणि बाकीच्या तक्रारी

नमस्कार साहेब,

लोटे-परशुरामच्या साइटवर आलेल्या पाइप रॅकच्या (पाइप पेलणाऱ्या, जस्त चढवलेल्या लोखंडी सांगाड्याच्या) सहा मॉड्यूलना तुम्ही एक स्टार दिलात. तक्रारी चार: बीमवर पांढरी भुकटी, काही चॅनेल चकचकीत तर काही मळकट, नट बसत नाहीत, क्लीटपाशी (आधाराच्या छोट्या पट्टीपाशी) तांबडा गंज.

भुकटी ही आमची चूक. भर पावसात बीमवर बीम रचून, वरून ताडपत्री घट्ट बांधून माल पाठवला. ताज्या जस्ताला मोकळी हवा मिळाली की त्यावर कार्बोनेटचा पातळ थर धरतो आणि तोच पुढे राखण करतो. फटीत पाणी कोंडलं, हवा मिळाली नाही, की जस्ताचं हायड्रॉक्साइड होऊन पांढरं फुलतं. मध्ये लाकडी पट्ट्या हव्या होत्या आणि एक टोक उंच, म्हणजे पाणी निथळलं असतं. न उघडलेले गठ्ठे आजच सोडवा. उघडलेल्या मालावर नायलॉनचा ब्रश (तारेचा अजिबात नको) मारून साध्या पाण्याने धुवा, सुकू द्या. मग आमचा माणूस कोटिंग मीटर घेऊन येईल, तुमच्यासमोर मोजेल. ६ मिमीपेक्षा जाड लोखंडावर आयएसओ १४६१ या जस्त चढवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतात, आणि कुठल्याही एका जागी ७० च्या खाली चालत नाही. कमी भरलं तर दुरुस्ती आमच्या खर्चाने.

मळकट रंग हा दोष नव्हे. लोखंडात सिलिकॉन जास्त असलं की साडेचारशे अंशांच्या टाकीत लोखंड-जस्ताचा मिश्र थर पार वरपर्यंत वाढतो आणि चमक जाते. मीटर लावलात तर बहुतेक वेळा तिथेच आकडा जास्त येतो. फक्त हा थर जरा ठिसूळ असतो, साखळीच्या फटक्याने टवका उडतो. उचलताना बेल्ट वापरा.

आता नट. एम२० (२० मिमी व्यासाच्या) बोल्टवर जस्त चढल्यावर बाजारचा काळा, म्हणजे जस्त न चढवलेला, नट फिरणारच नाही. म्हणून आमच्या नटांचे आटे जस्त चढवल्यावर साधारण ०.४ मिमी वाढवून कापलेले असतात. आतून ते कोरे दिसतात, पण बोल्टवरचं जस्त त्यांना सांभाळतं. तुमच्याकडे ते खराब समजून बाजूला पडले, काळे नट आले, ते बसेनात म्हणून बोल्टवर डाय (आटे कापायचं हत्यार) फिरली. तुमच्या फोटोत आटे चकाकताहेत ते त्यामुळेच. जस्त तिथून निघून गेलंय. पेटीवर सूचना नव्हती, हे आमचं चुकलं. डाय मारलेल्या बोल्टांची संख्या कळवा, तेवढे सेट फुकट पाठवतो.

क्लीटचा खर्च मात्र आम्ही घेणार नाही. ड्रॉइंगमध्ये केबल ट्रेचे क्लीट बोल्टचे आहेत. साइटवर ते वेल्ड झाले. तिथलं जस्त जळालं, प्लेटच्या मागच्या बाजूचंही, आणि वर मारलेला रुपेरी ॲल्युमिनियम पेंट जस्ताची जागा घेत नाही. लोखंड लखलखीत होईपर्यंत घासून झिंक-रिच (जस्ताची पूड भरपूर असलेला) पेंट मारा, किमान १०० मायक्रॉन. यापुढे जस्तावर वेल्डिंग करावंच लागलं तर आधी ग्राइंडरने जस्त काढा; तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: फोटोत एक मॉड्यूल हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या टाकीच्या व्हेंटला (वाफ बाहेर पडायच्या तोंडाला) लागूनच उभं आहे. त्या वाफेत नुसतं जस्त टिकणार नाही. हलका स्वीप ब्लास्ट करून (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करून) वर इपॉक्सी पेंट द्यावं लागेल, किंवा व्हेंटची नळी स्क्रबरकडे (वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्राकडे) वळवा. नळी वळवणं स्वस्त पडेल.