डॉक्टर म्हणतात चाला, पण चालायचं कुठे?

गावात परत एकदा आरोग्य शिबिर झालं. मांडव, बॅनरवर हात जोडलेले फोटो, पंच मंडळींच्या हस्ते समई, मग खुर्च्यांवर रांगेत बसून शुगर आणि बीपी. शिबिराला माझा विरोध नाही, फुकटात तपासणी होते, बरंच आहे की. पण पंचायतीने लोकांच्या आरोग्यासाठी काय केलं असं विचारलं की दरवर्षी हेच एक उत्तर ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

शिबिरात होतं काय बघा. बोटाला सुई टोचतात, मशीनवर आकडा येतो, नर्सबाई तो चिठ्ठीवर लिहून देतात, चिठ्ठी खिशात जाते आणि पुढच्या धुण्यात पॅन्टबरोबर धुवून निघते. आपल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीत, किती जणांची शुगर वाढलीय हे पंचायतीत कुणालाच माहीत नसतं. नावं नकोत हो कुणाची, नुसता आकडा. आणि हे कुठे, तर गोव्यात, जिथे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या देशभरच्या अभ्यासात मोठ्या माणसांतलं डायबिटीसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. चवथीला घरात चार मोठी माणसं पाटोळीवर ताव मारायला बसली तर त्यातला एक जण साधारण त्यात धरा.

आमच्या शेजारच्या काकीचंच घ्या. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. घरातून बाहेर पाय टाकला की थेट रस्ता, त्याला कड नाही, बाजूला उघडं गटार, पावसात त्यावर गवत असं माजतं की गटार कुठे सुरू होतं तेच कळत नाही, देवळापर्यंत जावं म्हटलं तर वळणावर समोरून टिपर नाहीतर भाड्याच्या बाईकवरचे पर्यटक, आणि अंधार पडला की दिवे बंद आणि कुत्री चालू. मग काकी अंगणात तुळशीभोवती फेऱ्या मारते, तोंडाने मोजत मोजत, मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकतो आणि चिडते. आता हिची गोळी आरोग्य केंद्रात मिळते, पण चालायची जागा आरोग्य केंद्राच्या हातात नाही ना, ती पंचायत आणि पीडब्ल्यूडीच्या हातात आहे. म्हणजे गटारावर लादी घालणं हेसुद्धा शुगरचंच औषध आहे, पण ते बजेटमध्ये आरोग्याखाली कधी येतच नाही!

पंचांना विचारलं की म्हणतात आरोग्य आमच्याकडे नाही, खात्याकडे आहे. अहो, घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिलेत त्यात आरोग्य आणि स्वच्छता हा २३ वा, इस्पितळं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसकट. केरळने १९९६ च्या लोकयोजनेपासून (गावानेच आपला आराखडा करायची मोहीम) हे मनावर घेतलं, आरोग्य केंद्रं पंचायतींकडे दिली, २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं धोरण आणलं, तिथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी जाऊन बघणारी नर्स पंचायतीच्या प्लॅनमध्येच असते. आपल्याकडे केंद्रं खात्याची, आणि घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, आशाताई, देशभर आहेत पण गोव्याने ती योजना घेतलीच नाही. आणि म्हातारी माणसं आपल्याकडे थोडी का आहेत, २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे ११.२ टक्के, देशाचं प्रमाण ८.६ होतं तेव्हा. मुलं दुबईत नाहीतर लंडनला, मोठ्या घरात एकटी आई, तिच्या दारात विचारपूस करायला जाणार कोण ते सांगा.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००८ चा कायदा आहे, तिथल्या ७९ कौन्सिलांना, म्हणजे त्यांच्या पंचायती-पालिकांना, निवडणूक झाली की १२ महिन्यांत लोकांच्या आरोग्याचा आणि स्वास्थ्याचा प्लॅन करावाच लागतो, त्यात घरातली मारहाण थांबवायला काय करणार हेही लिहावं लागतं, आणि दरवर्षी तो तपासायचा. त्यांच्याकडे पैसा आहे वगैरे मान्य. पण निवडून आल्यावर वर्षभरात आकडे समोर ठेवून बसा आणि लिहून द्या, याला पैसा कशाला लागतो?

बरं, पैसा अगदीच नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे होते. गावाचा विकास आराखडा करायची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, केंद्राने दिलेल्या ९ विषयांत दुसराच 'स्वस्थ गाव'. आमच्याकडे आराखड्यात येतं काय, तर सभागृहाची डागडुजी, कुंपणाची भिंत, आणखी एक सभागृह. ग्रामसभेत बेकायदा बांधकाम आणि कचरा यावर आवाज चढतो, चढायलाच पाहिजे, पण त्यात आरोग्याचा नंबर येईपर्यंत लोक जेवायला उठलेले असतात. मागच्या खेपेला मी विचारलं तर सचिव म्हणाले "नोंद घेतली" आणि वही मिटली.

आणि हे फक्त शुगरचं नाही. आपल्या सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये माकडताप आला, गोचिडीमुळे होणारा ताप, त्यात माकडंही मरतात, आणि मेलेलं माकड आधी दिसतं ते काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाला, गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) डॉक्टरला नव्हे. त्या माणसाने कुणाला सांगायचं हे पंचायतीने आधीच ठरवून ठेवलेलं बरं की ताप आल्यावर?

तर ग्रामसभेसाठी एक अर्ज लिहिलाय. देवळापर्यंतच्या गटारावर लाद्या, रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा, बंद दिवे चालू, अर्ध्या वाटेत टेकायला एक बाक (त्यावर आमदारांचं नाव रंगवलं तरी चालेल, बाक पाहिजे), एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी करून महिन्यातून एकदा कुणीतरी दारात जाणं, आणि शिबिरातले आकडे नावं गाळून पंचायतीच्या फळ्यावर. एवढंच. नाही, मी निवडणुकीला उभा राहत नाहीये, कुणी कमेंटमध्ये तसलं लिहू नका. अर्ज आमच्या दुकानात ठेवलाय, वाड्यावरच्यांनी येऊन सही करा, काकीची झालीय, अर्जात बाक गणपतीच्या आधी पाहिजे असं तिनेच घालायला लावलंय.